तिबेटचा प्रश्न कोणासाठी मिटला?

मंडळाच्या एका बैठकीनंतर चहापान चालू होते. विषय निघाला कैलास-मानससरोवर यात्रेचा. पाच वर्षे बंद असलेली ही यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली, त्यामुळे आपल्या वर्तुळातील एकदोन उत्साही कुटुंबे जाण्याच्या तयारीला लागली आहेत. मी सहज म्हणालो, की आपल्याला वाट मोकळी झाली हे उत्तमच. पण ज्यांच्या अंगणातून ती वाट जाते त्यांना त्याच अंगणात मोकळेपणाने बोलताही येत नाही. त्यावर आमचे एक बहुश्रुत मित्र म्हणाले, "अहो, तिबेटचा प्रश्न केव्हाच मिटला. आता त्याचे श्राद्ध तरी किती वेळा घालायचे?" सगळे हसले. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू मलाच बोचू लागले. त्या बोचणीतून हा लेख लिहिला आहे. मित्रांनी तो वैयक्तिक घेऊ नये. कारण जे त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवले, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची उणीपुरी पस्तीस वर्षे राज्य सरकारच्या महसूल खात्यात काढली. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी मी कारवार जिल्ह्यात होतो आणि मुंडगोडकडच्या तिबेटी वसाहतीतील काही घरांच्या गणनेवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आले होते. आपल्या बेळगावकडच्या लोकांना मुंडगोड परके नाही. तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जंगलजमिनीवर १९६६ पासून ही वसाहत उभी राहिली. ल्हासाजवळचे द्रेपुंग आणि गान्देन हे प्राचीन मठ आज या आपल्या शेजारच्या तालुक्यात पुन्हा उभे आहेत. तर एका घरी एक वृद्ध गृहस्थ ओसरीवर बसले होते. वय सत्तरीच्या आसपास, हातात जपमाळ. नातू कन्नडमध्ये उत्तरे सांगत होता आणि गणकाला अडचण आली म्हणून त्या घरचा तक्ता मी स्वतः भरीत होतो. जन्मस्थानाच्या रकान्यात, जन्म परदेशी झाला असल्यास देशाचे नाव लिहायचे होते. मी फारसा विचार न करता "चीन" असे लिहिले. नकाशात तसे असते म्हणून लिहिले.

म्हाताऱ्याने नातवाला विचारले, "काय लिहिले?" नातवाने सांगितले. म्हातारा रागावला नाही. थोडा वेळ माळ ओढीत राहिला आणि मग जे बोलला ते नातवाने मला असे सांगितले: "आजोबा म्हणतात, मी जन्मलो तेव्हा आमच्या गावात एकही चिनी माणूस नव्हता. तीस वर्षांचा होईपर्यंत मी चिनी माणूस पाहिला नव्हता. मग मी चीनमध्ये कसा जन्मलो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी "चीन" खोडले आणि "तिबेट" लिहिले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य नोंदी दुरुस्त केल्या असतील. पण स्वतः केलेली चूक दुरुस्त करताना इतके बरे वाटल्याची दुसरी आठवण नाही. तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्यापाशी आहे.

आता मित्रवर्यांच्या विधानाकडे वळतो. प्रश्न मिटणे म्हणजे काय? कचेरीत बसून आयुष्य गेले असल्याने मी कचेरीच्याच भाषेत बोलतो. एखादे प्रकरण तीन प्रकारे संपते. अर्जदाराची मागणी मान्य होते, किंवा अर्जदार आपला अर्ज मागे घेतो, किंवा अर्जदार निर्वंश होतो. याखेरीज एक चौथा प्रकार आहे आणि तो आम्हां सरकारी माणसांना चांगला परिचित आहे. अर्जदार दारात उभा असतो, त्याचा हक्क शाबूत असतो, पण वरिष्ठांना ते प्रकरण गैरसोयीचे असते. मग त्यावर शेरा पडतो: "दप्तरी दाखल". तिबेटचे प्रकरण मिटलेले नाही, जगाने ते दप्तरी दाखल केले आहे. या दोहोंतील अंतर ज्याला कळत नाही त्याने अन्यायाबद्दल बोलू नये.

थोडी उजळणी आवश्यक आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटात घुसल्या आणि चामदो पडले. मे १९५१ मध्ये बीजिंग येथे सतरा कलमी करारावर तिबेटी प्रतिनिधींच्या सह्या दबावाखाली घेण्यात आल्या. त्या करारात तिबेटची अंतर्गत व्यवस्था आणि दलाई लामांचे स्थान यांना हात लावणार नाही, असे चीनने लेखी कबूल केले होते. त्या कबुलीचे काय झाले ते १० मार्च १९५९ रोजी ल्हासात दिसले. दलाई लामांना चिनी छावणीत एकटे बोलावले आहे ही वार्ता पसरताच हजारो माणसांनी नोर्बुलिंका प्रासादाला वेढा घातला. तो वेढा आपल्या धर्मगुरूच्या रक्षणासाठी होता. १२ मार्चला स्त्रिया रस्त्यावर आल्या. १७ तारखेच्या रात्री दलाई लामा वेषांतर करून बाहेर पडले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. ते निघून गेल्याचे कळण्यापूर्वीच, २० मार्चला, त्या प्रासादावर आणि भोवतीच्या जमावावर तोफा डागल्या गेल्या होत्या. तिबेटी लोक १० मार्च हा दिवस दरवर्षी पाळतात तो त्या माणसांच्या स्मरणार्थ.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिबेटवर १९५९, १९६१ आणि १९६५ असे तीन ठराव केले. १९६१ च्या ठरावात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५९ मध्ये आपला भारत तटस्थ राहिला आणि १९६५ मध्ये त्याने ठरावाच्या बाजूने मत दिले. मधल्या काळात १९६२ येऊन गेले होते. स्वतःला चटका बसल्यावरच शेजाऱ्याची आग दिसावी, हा मनुष्यस्वभाव असेल, पण तो राष्ट्राचे भूषण नव्हे.

यानंतर जे झाले त्याची यादी करायची तर या पत्रिकेचे अनेक अंक लागतील. मी मोजकी नावे घेतो, कारण आकड्यांनी माणूस झाकला जातो असा माझा अनुभव आहे. पाल्देन ग्यात्सो हे भिक्षू १९५९ च्या उठावानंतर पकडले गेले आणि तेहतीस वर्षे तुरुंगांत व श्रमछावण्यांत राहिले. १९९२ मध्ये सुटले, हिमालय ओलांडून भारतात आले, आणि येताना छळाची ती साधने पुरावा म्हणून बरोबर घेऊन आले. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, आणि २०१८ मध्ये धर्मशाळेत त्यांचा अंत झाला. न्गावांग सांगड्रोल ही भिक्षुणी पंधरा वर्षांची असताना १९९२ मध्ये तुरुंगात गेली. ल्हासाच्या द्रापची कारागृहात १९९३ मध्ये तिने आणि तिच्या तेरा सहकारी भिक्षुणींनी लपवून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी म्हटली. ती ध्वनिफीत बाहेर गेली आणि त्या गाण्यांसाठी त्यांच्या शिक्षा वर्षानुवर्षे वाढवण्यात आल्या. सांगड्रोलची एकूण शिक्षा वीस वर्षांच्या पुढे गेली होती. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय दबावामुळे तिची सुटका झाली. त्याच कारागृहात मे १९९८ मध्ये चिनी ध्वजवंदनाच्या वेळी कैद्यांनी घोषणा दिल्या, त्यानंतर झालेल्या अमानुष मारहाणीनंतर पाच भिक्षुणी एकाच दिवशी मरण पावल्या. तेन्झिन देलेक रिनपोचे शाळा आणि अनाथालये चालवीत. २००२ मध्ये ते पकडले गेले आणि २०१५ मध्ये कैदेतच वारले. ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला या बर्फाच्छादित खिंडीतून नेपाळकडे निघालेल्या निःशस्त्र यात्रिकांवर चिनी सीमारक्षकांनी गोळ्या झाडल्या आणि सतरा वर्षांची भिक्षुणी केल्सांग नामत्सो तेथेच पडली. परदेशी गिर्यारोहकांनी ते पाहिले आणि चित्रितही केले. अन्यथा तेही कोणाला कळले नसते.

आता माझ्या मित्रांचे आणि त्यांच्यासारख्यांचे जे आक्षेप आहेत ते एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप असा, की जुना तिबेट काही स्वर्ग नव्हता. सरदार आणि मठ यांच्या हाती जमिनी होत्या, कुळे राबत होती, चीनने येऊन सडका केल्या, २००६ मध्ये ल्हासापर्यंत रेल्वे नेली. यातील पूर्वार्ध खरा आहे आणि तो मी नाकारीत नाही. परंतु जमिनीच्या व्यवस्थेविषयी मला थोडे कळते. आपल्या या टापूत इनामदार, देसाई, जहागीरदार नव्हते काय? वेठबिगार नव्हती काय? पुष्कळ कुळांची सुटका १९७४ च्या भूसुधारणा कायद्यापर्यंत झाली नव्हती. तेवढ्यावरून एखाद्या परकीय फौजेला येथे येऊन बसण्याचा अधिकार प्राप्त झाला असता, असे आपण म्हणू काय? आगगाडी इंग्रजांनीही आणली होती. तिच्या बदल्यात स्वराज्य सोडून द्यावे, असे आपल्या आजोबांपैकी कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही.

आणि सुधारणेचे स्वरूप कसे होते हे सांगायला निर्वासित नकोत, चीनच्या बाजूने राहिलेला माणूसच पुरे आहे. दहावे पांचेन लामा १९५९ नंतर तिबेटातच राहिले, चिनी सरकारच्या व्यवस्थेत पदावर राहिले. त्यांनी १९६२ मध्ये चीनच्या पंतप्रधानांना सत्तर हजार अक्षरांचे निवेदन दिले. मध्य तिबेटातील सुमारे अडीच हजार मठांपैकी सत्तरच उरले आहेत आणि लोक उपासमारीने मरत आहेत, असे त्यात नमूद होते. सांस्कृतिक क्रांती सुरू व्हायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता! माओंनी त्या निवेदनाला विषारी बाण ठरवले, आणि निवेदनकर्त्याला १९६४ पासून पुढे चौदा वर्षे छळ, बंदिवास व नजरकैद भोगावी लागली. हाताखालच्या माणसाने खरा अहवाल दिला म्हणून त्याचे असे व्हावे, यावरून त्या राज्यकारभाराची परीक्षा होते.

दुसरा आक्षेप अधिक दाहक आहे. तो असा, की अहिंसेने काय मिळाले? सहा दशके प्रार्थना आणि मोर्चे, हाती शून्य. हा प्रश्न विचारणाऱ्यांना इतिहास अर्धाच ठाऊक असतो. तिबेटी माणसाने शस्त्रही उचलून पाहिले. १९५८ मध्ये खाम्पा लढवय्यांनी चुशी गांगद्रुक ही संघटना उभी केली. पुढे नेपाळच्या मुस्तांग भागातून अमेरिकेच्या गुप्त साहाय्याने ते लढत राहिले. अमेरिकेचे चीनशी जुळू लागताच ते साहाय्य आटले, आणि १९७४ मध्ये दलाई लामांच्या ध्वनिमुद्रित संदेशानंतर त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. तेव्हा लढण्याची छाती नव्हती म्हणून अहिंसा पत्करली, असे कोणी म्हणू नये. शिवाय त्यांनी आपली मागणी किती खाली आणली ते पाहा. १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे दलाई लामांनी स्वातंत्र्याऐवजी खरी स्वायत्तता मागितली. २००२ ते २०१० या काळात त्यांच्या प्रतिनिधींच्या चीनशी नऊ फेऱ्या झाल्या. २००८ मध्ये तर चीनच्याच राज्यघटनेच्या चौकटीत बसणारे सविस्तर निवेदन त्यांनी दिले. तेही नाकारले गेले. पाच मागून एकही न मिळणारा याचक दुबळा असेल. पण अशा वेळी खोटा कोण ठरतो, हे तरी स्पष्ट होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १४ मार्च २००८ रोजी ल्हासात दुकाने जाळली गेली आणि त्यात निरपराध चिनी नागरिक मृत्युमुखी पडले. ते अधर्म्य होते आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्या एका दिवसाचे निमित्त करून सबंध पठारावरील शांततामय निदर्शने चिरडण्यात आली. निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, मठांना वेढे पडले. त्या आधी सर्वसामान्य तिबेटींना कॅमेऱ्यापुढे बोलते करून चित्रफीत तयार करणारा धोंडुप वांगचेन सहा वर्षे तुरुंगात गेला. त्याने कोणाचे दुकान जाळले होते?

त्यानंतरचा अध्याय लिहिताना लेखणी थबकते. फेब्रुवारी २००९ मध्ये न्गाबा येथील कीर्ती मठाच्या एका तरुण भिक्षूने भर रस्त्यात स्वतःला पेटवून घेतले. २०११ पासून हे लोण पसरले आणि आजवर तिबेटात दीडशेहून अधिक माणसांनी हा मार्ग पत्करला. त्यांत भिक्षू, भिक्षुणी, शेतकरी, मेंढपाळ, लेकुरवाळ्या स्त्रिया, शाळकरी मुले होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ल्हासाच्या पोताला प्रासादासमोर त्सेवांग नोर्बू हा पंचविशीतील लोकप्रिय गायक असाच गेला. आपल्या दिल्लीतही हे घडले. एप्रिल १९९८ मध्ये तिबेटी उपोषणकर्त्यांना पोलीस उचलून नेत असताना थुप्तेन न्गोदुप या साठीच्या माणसाने स्वतःला पेटवले. तो भारतीय सैन्यात चाकरी करून निवृत्त झालेला होता.

तिसरा आक्षेप याच संदर्भात येतो: ही आत्महत्या नव्हे काय, बौद्ध धर्मात ती बसते काय? माझे मत स्पष्ट सांगतो. हा मार्ग कोणीही पत्करू नये. एकेका जिवाची किंमत कोणत्याही घोषणेहून मोठी आहे, आणि जिवंत राहून लढणारे पाल्देन ग्यात्सो मला अधिक वंदनीय वाटतात. स्वतः दलाई लामांनीही या मार्गाला उत्तेजन दिलेले नाही. परंतु धर्मशास्त्राचा काथ्याकूट करण्याआधी एवढे तरी पाहावे, की या दीडशेंहून अधिक माणसांनी आपल्याबरोबर कोणाचा बळी घेण्यासाठी हे केले नाही. जगात ठिकठिकाणी संतापलेली माणसे बाजारात बॉम्ब लावीत असताना, या लोकांनी आपल्या शत्रूला ओरखडाही काढला नाही. त्यांच्या मुखी मागणी होती ती दलाई लामा परत यावेत आणि तिबेटला स्वातंत्र्य मिळावे, एवढीच. त्यावर शासनाचे उत्तर काय? मृताच्या आप्तेष्टांवर आणि परिचितांवर खटले. २०१२ पासून, यास चिथावणी देणे म्हणजे हेतुपुरस्सर मनुष्यवध, असा अर्थ तेथील न्याययंत्रणा लावू लागली. माणसे असे का करतात, हे विचारण्याची मात्र त्या सत्तेला गरज भासली नाही.

गोवामुक्तीच्या लढ्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. १९५५ मध्ये आपल्याच बेळगावहून सत्याग्रह्यांच्या तुकड्या सीमा ओलांडत होत्या. नानासाहेब गोरे यांच्यासारख्यांना पोर्तुगीज न्यायासनाने दीर्घ मुदतीच्या शिक्षा ठोठावल्या, पण १९५७ मध्ये ते सुटून परत आले. त्यांच्यामागे एक स्वतंत्र देश उभा होता, त्यांची नावे रोज वर्तमानपत्रांत छापून येत होती, आणि अखेर १९६१ मध्ये त्या देशाचे सैन्य गोव्यात गेले. तिबेटच्या सत्याग्रह्यामागे कोण उभे आहे? त्याचे नाव छापणारे वर्तमानपत्र त्याच्या भूमीत नाही. त्याच्या बाजूने निघणारे सैन्य जगात कोठेही नाही. हे ठाऊक असूनही जो घोषणा देतो, त्याचे धैर्य आपल्या सत्याग्रह्यांच्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी नाही, असे मी म्हणालो तर आपल्या हुतात्म्यांचा अपमान होणार नाही.

आता भाषेचे बोलतो, कारण तेथे आपला वाचक स्वतःच्या काळजातून समजू शकेल. युशू येथील ताशी वांगचुक हा एक साधा दुकानदार. त्याच्या भाच्यांना तिबेटी भाषा शिकायला शाळा उरली नाही, म्हणून तो बीजिंगला गेला आणि तेथील न्यायालयात दाद मागण्याचा प्रयत्न त्याने केला. अल्पसंख्य समाजांना आपली भाषा वापरण्याचे व वाढवण्याचे स्वातंत्र्य चीनची राज्यघटनाच देते, एवढेच त्याचे म्हणणे. २०१५ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राच्या चित्रफितीत तो हे बोलला. जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडण्यात आले आणि फुटीरतेला चिथावणी दिल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. ती पुरी भोगून २०२१ मध्ये तो सुटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी असे म्हटले, की सुमारे दहा लाख तिबेटी मुले घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली जात आहेत आणि तेथील शिक्षण जवळजवळ सर्वस्वी चिनी भाषेत चालते.

आपण सीमाभागातील माणसे. मराठी शाळेचा वर्ग बंद पडला की आपल्या पोटात तुटते. आपणही १९५६ मध्ये आणि १९८६ मध्ये माणसे गमावली. सरकारी चाकर म्हणून मला त्या काळी तोंड मिटून राहावे लागले, याचा सल आजही आहे. तरीही आपल्या दुःखाची तिबेटी दुःखाशी बरोबरी करणे हा अविवेक होईल. आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, आमदार निवडून आणतो, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा चालू आहे, आणि ही पत्रिका आपण कोणाचीही परवानगी न घेता छापतो. ताशी वांगचुकने यांतली पहिली पायरी चढायचा प्रयत्न केला आणि पाच वर्षे गमावली. ज्याला ठेच लागली आहे त्यानेच कडा कोसळलेल्या माणसाला हसावे, याचे मला नवल वाटते. मातृभाषेचा कळवळा केवळ आपल्याच मातेपुरता असेल, तर तो कळवळा नव्हे, तो हट्ट आहे.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसांचा: आपल्याला काय त्याचे? चीनशी व्यापार आहे, सीमा आहे, उगाच कशाला डिवचा? या व्यवहारी मंडळींना मी एक साधा प्रश्न विचारतो. लडाखपासून अरुणाचलापर्यंत चीनच्या समोर जे निमलष्करी दल उभे आहे त्याचे नाव काय? भारत-तिबेट सीमा पोलीस. ऑक्टोबर १९६२ मध्ये ते उभारले गेले आणि आजही त्याचे नाव तेच आहे. १९५० पूर्वी तेथे चिनी सैन्यच नव्हते. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात पंडित नेहरूंना या धोक्याची जाणीव करून दिली होती. डॉ. राममनोहर लोहिया यांनी त्या आक्रमणाला शिशुहत्या म्हटले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत पंचशीलाच्या भाबडेपणावर आणि ल्हासा चीनच्या हाती जाऊ देण्यावर टीका केली होती. तीन वेगवेगळ्या विचारांची ही तीन माणसे एकच गोष्ट सांगत होती. आपण मात्र एप्रिल १९५४ च्या करारात तिबेटला चीनचा प्रदेश म्हणून मोकळे झालो. तेथील आपले टपाल-तारखाते आणि डाकबंगलेही त्यांच्या हवाली केले. तो करार आठ वर्षांचा होता. तो संपला १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी काय झाले ते सांगायला नको. २००३ मध्ये आपण पुन्हा एकदा तीच कबुली लिहून दिली. बदल्यात जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस जवानांचे प्राण गेले. आता जुलै २०२५ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या तिबेटातील वळणावर जगातील सर्वांत मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे काम चीनने सुरू केले आहे. डिवचले नाही म्हणून यांतले काय टळले?

उलट, ज्यांना आपण निर्वासित म्हणतो त्यांनी आपल्यासाठी काय केले? १९६२ च्या युद्धानंतर तिबेटी तरुणांचे एक विशेष सीमादल उभारले गेले. १९७१ मध्ये त्यांनी चितगावच्या डोंगराळ मुलखात लढून पन्नासहून अधिक माणसे गमावली, तीही दुसऱ्या एका देशाच्या स्वातंत्र्यासाठी. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखात याच दलाचा न्यिमा तेन्झिन हा अधिकारी धारातीर्थी पडला. त्याच्या शवपेटीवर तिरंग्याच्या जोडीला तिबेटचा ध्वज होता. ज्याला स्वतःचा देश नाही असा माणूस आपल्या देशासाठी मरतो, आणि आपण चहाचा पेला हाती धरून त्याच्या देशाचे श्राद्ध घालतो!

भारताने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. जमीन दिली, शाळा दिल्या, आसरा दिला. कर्नाटकात दिला, विदर्भात दिला, हिमाचलात दिला. इतके दुसऱ्या कोणत्याही देशाने केले नाही आणि तिबेटी माणूस ते कधी विसरत नाही. परंतु आसरा देणे हा दयेचा भाग झाला, सत्य बोलणे हा न्यायाचा भाग आहे. एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

आणि हा प्रश्न आता नव्याने दारात येऊन उभा आहे. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, दलाई लामांनी जाहीर केले की ही परंपरा पुढे चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार केवळ त्यांच्या गादेन फोड्रांग न्यासाचा असेल. चीन म्हणतो, तो अधिकार आमचा. जे पक्षाच्या नियमानुसार कोणताही धर्म मानू शकत नाहीत, ते पुनर्जन्माची नोंदणी करणार! हा विनोद नव्हे. १९९५ मध्ये दलाई लामांनी अकरावे पांचेन लामा म्हणून गेंदुन चोएक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाचे नाव जाहीर केले आणि तीनच दिवसांत तो मुलगा आईबापांसह नाहीसा झाला. त्याच्या जागी चीनने आपला मुलगा बसवला. तो शिकला, नोकरी करतो, त्याला त्रास देऊ नका, असे २०२० मध्ये सांगण्यात आले. पण त्याचे तोंड कोणाला दिसले नाही. आज तो पस्तिशी ओलांडलेला असेल. २००८ पूर्वी दरवर्षी दोनतीन हजार तिबेटी हिमालय ओलांडून येत. आता वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकेही येणे कठीण झाले आहे. वाटा बंद झाल्या, म्हणून आवाज येत नाही. आवाज येत नाही, म्हणून आपण समजतो की प्रश्न मिटला.

आपण साठसत्तर कुटुंबांचे मंडळ. आपल्या हातून काय होणार, असे कोणी विचारील. फार नाही; पण जे होईल ते सांगतो. पहिले, १० मार्च हा दिवस आपल्या व्याख्यानांच्या वार्षिक यादीत घालावा आणि मुंडगोडच्या मठातील एखाद्या अभ्यासू भिक्षूला बोलवावे. नालंदेची जी विद्या आपण गमावली ती शांतरक्षित आणि अतीश यांच्या मागोमाग तिबेटात गेली आणि भाषांतररूपाने तेथे जिवंत राहिली. ती ऐकायला आपल्याला दीडशे किलोमीटरही जावे लागत नाही. दुसरे, कैलासाला जाणाऱ्यांनी अवश्य जावे. पण परत आल्यावर प्रवासवर्णनात केवळ पर्वत आणि सरोवर लिहू नये. वाटेत भेटलेल्या माणसाच्या घरी दलाई लामांचे चित्र का नव्हते, तेही लिहावे. तिसरे, २०२३ पासून चीन इंग्रजी कागदपत्रांत तिबेटऐवजी आपले चिनी नाव चालवू पाहत आहे आणि नकाशे, बातम्या हळूहळू त्यामागे जात आहेत. नाव पुसले की गावावरचा हक्क पुसायला सोपे जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. या पत्रिकेत तरी तो शब्द "तिबेट" असाच छापला जावा. चौथे, थंडीत आपल्या गावात लोकरी कपडे विकायला बसणाऱ्या तिबेटी बाईशी घासाघीस करताना, तिला एकदा तिचे मूळ गाव विचारावे.

माझ्या मित्रांना माझे शेवटचे सांगणे असे. तिबेटचा प्रश्न मिटला असेल, तर तो आपल्यासाठी मिटला आहे, कारण आपण तो विचारणे सोडले. ओसरीवरच्या त्या वृद्धासाठी तो मिटला नव्हता. ते आज हयात नसावेत. त्यांच्या जन्मस्थानाच्या रकान्यात खोडून लिहिलेला तो शब्द जनगणनेच्या कोणत्या गठ्ठ्यात गेला, मला ठाऊक नाही. पण ती दुरुस्ती बरोबर होती, आणि पुन्हा तक्ता भरायची वेळ आली तर मी खाडाखोड न करता तेच लिहीन.